हात सुटेल इतका प्रवाह

विजेच्या धक्क्यासाठी मराठीत दोन क्रियापदे आहेत आणि ती एकमेकांच्या जागी चालत नाहीत. 'शॉक बसला' असे कोणी म्हणते तेव्हा सांगणारा माणूस बहुधा समोर उभा असतो. त्याने हात झटकलेला असतो, तो थोडा घाबरलेला असतो आणि घटकाभराने त्यावर हसणारही असतो. 'चिकटला' हे क्रियापद मात्र जवळजवळ नेहमी तृतीय पुरुषात येते. चिकटलेला माणूस आपली हकिकत सांगायला क्वचितच उरतो. 'विजेने धरून ठेवले' असाही एक प्रयोग ऐकू येतो. त्यात वीज ही कर्ती आहे आणि माणूस नुसता कर्म. चिकटलेल्याला हात लावायचा नाही, कोरड्या लाकडाने ढकलायचे, लाकडी पाटावर उभे राहायचे, हे थोरल्या माणसांनी आपल्या सगळ्यांनाच बजावलेले असते.

या दोन क्रियापदांमधले अंतर नेमके किती, हा प्रश्न १९४० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात चार्ल्स डॅल्झील नावाच्या प्राध्यापकाने विचारला आणि त्याचे उत्तर मिलीअँपिअरमध्ये काढले. अमेरिकेतल्या घरोघरी स्वयंपाकघरात आणि न्हाणीघरात दोन छोट्या बटणांचा जो सॉकेट दिसतो, तो त्या उत्तराचा वंशज आहे. या सॉकेटचा इतिहास तंत्रज्ञानाच्या पुस्तकांत चार ओळींत आटोपतो. आम्हाला तो तेवढा लहान वाटत नाही. वीज घरात आल्यावर प्रथम कशाचे रक्षण करायचे ठरले आणि माणसाच्या शरीराचा क्रम कितवा लागला, हे त्यातून वाचता येते.

आमच्या पाहण्यात तो आला त्याचे निमित्त घरगुती होते. गेल्या वर्षी आम्ही न्यू जर्सीतल्या एडिसन या गावी भाचीकडे काही महिने राहिलो. तिचे घर १९५० च्या दशकातले आहे. एके दिवशी ओट्याजवळचा सॉकेट निकामी झाला आणि तो स्वतःच बदलायचे तिने ठरवले. पेटीतला खटका खाली ओढून, टेस्टरने दोनदा खात्री करून घेतली, तरी आम्ही वाकून पाहू लागताच ती म्हणाली, "मामा, मेन बंद केलाय, पण तुम्ही त्या तारांना हात लावू नका." भिंतीतल्या डबीतून कापडी वेष्टणाच्या दोनच तारा बाहेर आल्या. तिसरी, अर्थिंगची तार नव्हतीच. अमेरिकेत नव्या घरांत सर्वत्र तीन छिद्रांचे सॉकेट सक्तीचे झाले ते १९६२ च्या नियमावलीपासून. हे घर त्याआधीचे.

नियम असा की जुना सॉकेट जसाच्या तसा राहिला तर चालतो, पण बदलायला घेतला की स्वयंपाकघरात नवा बसवायचा तो याच संरक्षक जातीचा. अर्थिंगची तार नसली तरी तो बसवता येतो, मात्र त्यावर एक चिकटपट्टी लावावी लागते: 'नो इक्विपमेंट ग्राउंड'. ती पट्टी सॉकेटच्या खोक्यातच येते. इंग्रजांकडून आपण 'अर्थिंग' उचलले, अमेरिकनांनी 'ग्राउंड' ठेवले. आमच्याकडच्या वायरमनने हीच पट्टी मराठीत लिहिली असती तर 'येथे अर्थ नाही' अशी लिहिली असती आणि साहित्याच्या प्राध्यापकांना ती आपल्या वर्गाच्या दारावर लावण्याचा मोह झाला असता.

पण अर्थाविना हा सॉकेट रक्षण कसा करतो, हे समजून घेण्याजोगे आहे. एका तारेने वीज येते, दुसरीने परत जाते. या दोन्ही तारा सॉकेटच्या पोटात एका छोट्या चुंबकीय कड्यातून ओवलेल्या असतात. जितकी आली तितकीच परत गेली तर दोघींचे परिणाम एकमेकांना खोडतात आणि कडे निवांत राहते. येणारी आणि जाणारी यांत तफावत पडली, तर त्याचा अर्थ एकच: काही वीज तिसऱ्याच वाटेने जमिनीकडे चालली आहे. ती वाट ओली भिंत असेल, नळ असेल, किंवा एखाद्या बाईचा हात, छाती आणि अनवाणी पाय असतील. तफावत सुमारे ५ मिलीअँपिअर झाली की आतला खटका पडतो. गळती मोठी असेल तर सेकंदाच्या साधारण चाळिसाव्या भागात. माणसाला धक्का बसतोच. तो धक्का लांबू नये, एवढीच या यंत्राची कामगिरी आहे. धक्क्याचे चिकटण्यात रूपांतर होण्याआधी ते मध्ये पडते.

आता याच्याशेजारी आपल्या ओळखीचा फ्यूज ठेवून पाहावा. घरातला साधा फ्यूज किंवा एमसीबी १५ अँपिअरला उडतो, म्हणजे १५,००० मिलीअँपिअरला. पाचाच्या तीन हजार पट. माणूस मरायला लागणारी वीज फ्यूजच्या हिशेबात किरकोळात जमा होते. शंभर वॅटचा एक दिवा अमेरिकेत आठशेहून अधिक मिलीअँपिअर ओढतो आणि फ्यूजला त्याची दखलही घ्यावी लागत नाही. घरात फ्यूज आहे म्हणून आपण सुरक्षित आहोत, ही समजूत आमचीही होती. फ्यूज तारेला वाचवतो. तार तापून आग लागू नये म्हणून तो आहे. तो घराचा रक्षक आहे, घरातल्या माणसाचा नव्हे.

हे असे का झाले, याचे उत्तर नियमावलीच्या जन्मकथेत आहे. विजेची उपकरणे तपासणारी अमेरिकेतली प्रसिद्ध प्रयोगशाळा, अंडररायटर्स लॅबोरेटरीज, १८९४ साली शिकागोत सुरू झाली. तिचा संस्थापक विल्यम मेरिल त्या शहरात आला होता तो १८९३ च्या विश्वप्रदर्शनातल्या विजेमुळे आग लागण्याचा धोका किती, हे विमा कंपन्यांच्या वतीने पाहायला. 'अंडररायटर' या शब्दातच विमा उतरवणारा बसलेला आहे. घरातल्या विजेची राष्ट्रीय नियमावली १८९७ साली प्रसिद्ध झाली आणि १९११ पासून तिचे पालकत्व आहे ते नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनकडे. याही नावात आग आहे. जळालेल्या घराची किंमत काढता येते, तिच्यावर दावा ठोकता येतो आणि म्हणून ती टाळण्यासाठी नियम करणाऱ्याला पैसा मिळतो. संहितेत माणूस नव्हता असे नाही. पण तिच्या व्याकरणात कर्त्याची जागा इमारतीकडे होती.

माणसाचे शरीर विजेच्या शास्त्रात आले ते वेगळ्या दाराने, आणि ते दार तुरुंगाचे होते. एडिसन गावाला हे नाव १९५४ साली मिळाले. मेन्लो पार्क हा ज्या प्रयोगशाळेमुळे गाजलेला भाग, तो याच गावच्या हद्दीत येतो. १८८७ मध्ये थॉमस एडिसनने आपला कारभार वेस्ट ऑरेंजला हलवला. पुढच्याच वर्षी न्यू यॉर्क राज्याने फाशीऐवजी विजेने देहदंड देण्याचा कायदा केला आणि एडिसनच्या एकदिश प्रवाहाची बाजू घेणाऱ्या हॅरल्ड ब्राउनने प्रतिस्पर्ध्याचा प्रत्यावर्ती प्रवाह किती घातक आहे हे दाखवण्यासाठी जाहीर प्रयोग मांडले. ३० जुलै १८८८ रोजी कोलंबिया कॉलेजात त्याने प्रेक्षकांसमोर एका कुत्र्याला आधी एकदिश प्रवाहाचे धक्के दिले आणि शेवटी प्रत्यावर्ती प्रवाहाने मारले. डिसेंबरात वेस्ट ऑरेंजच्या प्रयोगशाळेत वासरे आणि एक घोडा यांच्यावर प्रयोग झाले. ६ ऑगस्ट १८९० रोजी ऑबर्नच्या तुरुंगात विल्यम केम्लरला विजेच्या खुर्चीत बसवले. सतरा सेकंदांनी प्रवाह थांबवला तेव्हा तो मेलेला नव्हता. पुन्हा सुरू करावा लागला.

किती विजेने माणूस मरतो, हा प्रश्न मारण्यासाठी प्रथम विचारला गेला आणि त्याचे उत्तरही धड माहीत नसताना अमलात आणले गेले, ही गोष्ट आम्हाला पुढच्या सगळ्या इतिहासाच्या आधी लिहून ठेवावीशी वाटते. कारण पुढे वाचवण्यासाठी हाच प्रश्न विचारणाऱ्यांनाही शरीरे हवीच होती. १९३६ साली बेल टेलिफोनच्या प्रयोगशाळा आणि कोलंबिया विद्यापीठ यांच्या संशोधकांनी हृदयावरच्या परिणामांचा मोठा निबंध प्रसिद्ध केला. त्यामागे मेंढ्या, वासरे, डुकरे आणि कुत्री होती. विजेने हृदय बंद पडण्याआधी ते थरथरू लागते, त्याचा ताल सुटतो आणि रक्त पुढे ढकलले जात नाही. ही अवस्था किती प्रवाहाने आणि किती वेळात येते, हे त्यातून कळू लागले.

डॅल्झीलने प्रश्न बदलला. त्याची थोरवी आमच्या मते उपकरण शोधण्यात कमी आणि या बदलात अधिक आहे. किती विजेने माणूस मरेल, हे न विचारता त्याने विचारले की किती विजेपर्यंत माणूस स्वतःचा हात स्वतः सोडवू शकतो. या प्रश्नात मरण नाही, इच्छाशक्ती आहे. विजेची तार मुठीत आली की हाताचे स्नायू आकसतात. मूठ मिटणारे स्नायू ती उघडणाऱ्यांपेक्षा बळकट असतात, म्हणून मूठ आवळलेलीच राहते. मनातून सोडायचे असते, हात ऐकत नाही. प्रवाह हळूहळू वाढवत नेला तर एक बिंदू असा येतो की त्याखाली माणूस हात सोडू शकतो आणि त्याच्यावर नाही. डॅल्झीलने या बिंदूला 'लेट-गो करंट' असे नाव दिले. मराठीने त्याच बिंदूच्या अल्याड आणि पल्याड 'बसला' आणि 'चिकटला' अशी दोन क्रियापदे ठेवली होती. फक्त आकडा लिहिलेला नव्हता.

हा आकडा मेंढीवर काढता येत नाही. सोडण्याची इच्छा करणारे कोणीतरी लागते. म्हणून डॅल्झीलने स्वयंसेवक घेतले. वैद्यकीय देखरेखीखाली माणसाने हातात तांब्याची तार धरायची, प्रवाह वाढवत न्यायचा आणि सोडता येते का ते पाहायचे. अशा १३४ पुरुषांच्या आणि २८ स्त्रियांच्या नोंदी त्याच्या निबंधांत आहेत. पुरुषांची सरासरी आली १६ मिलीअँपिअर, स्त्रियांची साडेदहा. पण सरासरीवर सुरक्षा बांधता येत नाही, कारण सरासरीखाली अर्धी माणसे उभी असतात. दर हजारांतल्या ९९५ जणांना हात सोडता येईल असा प्रवाह त्याने हिशेबाने काढला: पुरुषांसाठी ९, स्त्रियांसाठी ६. मुलांसाठी पुरुषांच्या निम्मा, म्हणजे साडेचार, असा अंदाज धरला गेला.

या आकड्यांकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे. आज अमेरिकन सॉकेट ज्या ४ ते ६ मिलीअँपिअरच्या पट्ट्यात पडतो, तो पट्टा पुरुषांच्या नवाच्या नव्हे, स्त्रियांच्या सहाच्या खाली आहे. नुसते १३४ पुरुष मोजून डॅल्झील थांबला असता, तर रेषा कदाचित वर सरकली असती आणि कोणाला काही वावगे वाटलेही नसते. त्या काळी वैद्यक असो की वाहन, माप पुरुषाचेच घेण्याची रीत होती. इथे २८ जणींच्या मुठींनी साऱ्या देशाच्या सॉकेटची रेषा खाली ओढली. दुसऱ्या बाजूने पाहिले, तर १३४ ला २८ हे प्रमाणही बोलके आहे. ज्यांचे हात ओट्याशी, इस्त्रीशी, धुण्याच्या यंत्राशी दिवसभर असत, त्यांची नोंद पुरुषांच्या पाचवा हिस्साच झाली. आणि या अठ्ठावीस जणींची नावे आम्हाला तरी कुठे भेटली नाहीत.

रेषा काढणे एक आणि ती पाळणारे यंत्र बनवणे दुसरे. ते काम आधी दक्षिण आफ्रिकेत झाले, हे अमेरिकन पुस्तके बहुधा विसरतात. जोहान्सबर्गजवळच्या एका विद्युत कारखान्यातले अभियंते हेन्री रुबिन यांनी १९५५ साली सोन्याच्या खाणींसाठी गळती ओळखणारी यंत्रणा केली. ती २५० मिलीअँपिअरला पडे. त्याआधीच्या अशा यंत्रणा सुमारे १० अँपिअरपर्यंत ढिम्म राहत, त्या मानाने ही झेप मोठी होती. १९५६ मध्ये रुबिन यांनी याहून कितीतरी तल्लख नमुना सिद्ध केला. मग स्टिलफॉन्टेन या खाणवसाहतीत एक बाई घरातल्या अपघातात विजेने मरण पावली आणि १९५७-५८ मध्ये तिथल्या काही शे घरांत २० मिलीअँपिअरची यंत्रे बसवली गेली. जगात घरातल्या माणसासाठी म्हणून इतकी तल्लख यंत्रे अशा संख्येने बसली, त्याचे हे फार आधीचे उदाहरण आहे. त्या बाईचे नावही वृत्तान्तांत येत नाही. त्याच वेळी खाणीच्या पोटात उतरणारे बहुसंख्य कृष्णवर्णीय मजूर घरांत नव्हे, 'कंपाउंड' नावाच्या बंदिस्त वसतिगृहांत राहत होते. खाणीला २५०, घराला २०: हे दोन आकडे तंत्रज्ञानाच्या प्रगतीचे दोन टप्पे म्हणून वाचता येतात आणि तसे ते आहेतही. त्या देशात, त्या दशकात ते केवळ तेवढेच राहत नाहीत.

डॅल्झीलने ट्रान्झिस्टर वापरून आपले यंत्र १९६१ साली केले. पेटंट १९६५ साली मिळाले. तिथून पुढे सुरू होते ती नियमावलीची कथा, आणि साहित्याच्या विद्यार्थ्यांनी वाचावी अशी ती संहिता आहे. ही नियमावली दर तीन वर्षांनी सुधारली जाते. तिच्यात हे संरक्षण कोणत्या जागेला कधी सक्तीचे झाले, तो क्रम पाहावा. १९६८: पोहण्याच्या तलावातले पाण्याखालचे दिवे. १९७३: घराबाहेरचे सॉकेट. १९७४: बांधकामाच्या जागा. १९७५: न्हाणीघर. १९७८: मोटारीची गॅरेज. १९८७: स्वयंपाकघर, तेही सिंकपासून सहा फुटांच्या आतला ओटा. संपूर्ण ओटा यायला १९९६ साल उजाडले.

तलावापासून ओट्यापर्यंत एकोणीस वर्षे. आमची पहिली प्रतिक्रिया रागाची होती आणि ती लिहून काढून आम्ही पुन्हा खोडली. खाजगी तलाव कोणाचा आणि ओट्याशी उभे कोण, हा सरळ हिशेब मांडून मोकळे होता येते. पण तो पुरता खरा नाही. पाण्याखाली दिवा लावणे हा धोका इतका उघडा होता की त्यावर दुमत होण्याला जागा नव्हती. शिवाय सुरुवातीची यंत्रे मुख्य पेटीत बसणारी होती. पेटीपासून स्वयंपाकघरापर्यंतच्या लांब तारांत थोडी गळती होतच राहते आणि यंत्र नाहक पडत राहते. १९७० च्या दशकात हे यंत्र सॉकेटच्या पोटात मावू लागले आणि पुढच्या दशकात ते सर्रास झाले, तेव्हा कुठे ही अडचण सरली. फ्रिज नाहक बंद पडला तर अन्न नासणार, म्हणून स्वयंपाकघराला नको, असाही आक्षेप घेता येत होता. हे सगळे खरे धरूनही गॅरेज ओट्याच्या नऊ वर्षे आधी का आले, याचे समाधान आम्हाला मिळालेले नाही. गॅरेजमध्ये पुरुष हातातले ड्रिल चालवतो. ते अपघाताचे चित्र डोळ्यांसमोर चटकन उभे राहते. ओट्यावरचा ओला हात आणि टोस्टर हे इतके रोजचे होते की ते चित्र म्हणून कोणाला दिसत नसावे.

आणि हे यंत्र सर्वशक्तिमान नाही, हेही नोंदवले पाहिजे. एका हाताने येणारी तार आणि दुसऱ्याने परत जाणारी तार धरली, तर शरीर दिव्यासारखे मधोमध बसते. आलेली सगळी वीज परत जाते, तफावत पडत नाही आणि कड्याच्या दृष्टीने सारे सुरळीत असते. यंत्राला माणूस ओळखता येत नाही, त्याला फक्त वजाबाकी येते.

युरोपने आणि त्याच वळणाने आपण वेगळा आकडा धरला: ३० मिलीअँपिअर. आपल्याकडे हे यंत्र सॉकेटमध्ये नसते, घराच्या मुख्य बोर्डात असते. त्याला आरसीसीबी म्हणतात आणि जुने वायरमन सवयीने ईएलसीबी. पाच आणि तीस यांत निष्काळजीपणाचा फरक नाही, प्रश्नाचा फरक आहे. अमेरिकेने विचारले, हात सुटेल का? युरोपने विचारले, हात सुटला नाही तरी हृदयाचा ताल बिघडण्याआधी वीज तोडता येईल का? या दुसऱ्या प्रश्नाची मापे काढताना व्हिएन्नाच्या गॉटफ्रिड बीगेलमायर यांनी स्वतःच्या शरीरातून प्रवाह सोडून नोंदी घेतल्या. सबंध घराचा भार एका यंत्रावर असेल तर पाचाची रेषा पाळणे अवघड, हेही त्यामागे आहे. तीस मिलीअँपिअरच्या अलीकडे, वीस-पंचविसावर, माणूस चिकटू शकतो आणि यंत्र गप्प राहू शकते. आपल्या घरांतल्या सुरक्षेत 'चिकटला' या क्रियापदाला अशी थोडी जागा उरलेली आहे.

भाचीने त्या दोन तारा 'लाइन' असे कोरलेल्या स्क्रूंना जोडल्या. 'लोड' लिहिलेली दुसरी जोडी पिवळ्या पट्टीने झाकलेली असते आणि पुढे आणखी सॉकेट नसतील तर ती पट्टी काढायचीही नसते. पूर्वीच्या बनावटीत या जोड्या उलट लागल्या तर सॉकेट चालू दिसे, पण रक्षण करत नसे. २००० नंतरच्या दशकात बनावट अशी सुधारली की उलटा जोडल्यास तो वीजच देत नाही, आणि २०१५ पासून तो आपली तपासणी आपणच करत राहतो. पेटीतला खटका वर केला, कॉफीचे यंत्र लावले, मग 'टेस्ट'चे बटण दाबले. टक् असा आवाज झाला आणि यंत्राचा दिवा विझला. 'रीसेट' दाबल्यावर पुन्हा लागला. अर्थ नसल्याची पट्टी तिने थोडी तिरकी चिकटवली.

पुण्याला परतल्यावर आमच्या बोर्डाचे झाकण बहुधा प्रथमच निरखून पाहिले. तिथेही ३० मिलीअँपिअरचे यंत्र होते आणि त्यावर 'टी' अक्षराचे छोटे बटण. ते महिन्यातून एकदा दाबावे असे यंत्रावरच बारीक अक्षरांत छापलेले असते. बारा वर्षांत आम्ही ते एकदाही दाबले नव्हते. दाबले. यंत्राचा खटका खाली पडला आणि डोक्यावरचा पंखा फिरतच राहिला.

दुसऱ्या दिवशी वायरमन आले. झाकण काढून त्यांनी टॉर्च मारला आणि म्हणाले, "काका, हा डायरेक्ट केलाय." पावसाळ्यात यंत्र सारखे पडत असणार, म्हणून मागे कधीतरी कोणीतरी घराकडे जाणाऱ्या तारा यंत्रातून काढून आत येणाऱ्या तारांनाच जोडून टाकल्या होत्या. यंत्र जागेवर होते, जिवंत होते, फक्त त्यातून काही जात नव्हते. कोणी केले हे आम्हाला आठवेना. त्या दिवशी वीज पुन्हा आल्याचा आनंद तेवढा अंधूक आठवला. वायरमननी तारा पूर्ववत जोडल्या. यंत्र तत्काळ पडले. मग एकेक बटण बंद करत ते न्हाणीघरापर्यंत गेले आणि गीझरचा प्लग काढल्यावर यंत्र उभे राहिले.

गीझर नऊ वर्षांचा होता. त्या संध्याकाळी तो भिंतीवरून उतरवला.